भिंतीकडे वळलेली पानं

१

या शहरातली निम्मी म्हातारी माणसं मी केलेल्या कवळ्या घालून जेवतात. उभा जन्म मी दुसऱ्यांचे दात बनवण्यात घालवला आणि काम सुटल्यावर हात रिकामे ठेववेनात म्हणून माशा खाणारी झाडं लावायला लागलो. आमचे चिरंजीव म्हणतात, बाबांना तोंडाचाच नाद, दात नाहीत तर निदान खाणारं काहीतरी हवं. ते बस डेपोत इंजिनं दुरुस्त करतात, त्यामुळे बोलणं जरा खडखडाटीच असतं.

झाडाचं नाव ड्रॉसेरा. आमच्या मंडळात सगळे त्याला दवबिंदू म्हणतात. कोटाच्या बटणाएवढं चक्र मातीला चिकटून बसतं, पानांवर तांबडे केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चिकट थेंब. चिलट येऊन टेकलं की अडकतं. पान सावकाश त्याच्यावर मिटतं, आणि काही दिवसांनी उघडतं तेव्हा आत नुसतं टरफल उरलेलं असतं. बघायला गोजिरवाणं आणि करणी अशी.

सकाळचा चहा झाला की मी मागच्या बंद गॅलरीत जातो. कुंड्या ज्या ट्रेमध्ये उभ्या आहेत त्यात डिस्टिल्ड पाणी ओततो, नळाचं कधीच नाही, आणि दातांसाठी वापरायचो तेच भिंग डोळ्याला लावून एकेक झाड बघतो. गॅलरीच्या एका अंगाला काचा आहेत. दुसऱ्या अंगाला मुलाच्या आणि सुनेच्या खोलीची भिंत आहे.

आमचं मंडळ म्हणजे सात-आठ डोकी. आमच्यातल्याच घड्याळवाल्यांच्या दुकानामागच्या खोलीत महिन्यातून एकदा जमतो, बी आणि रोपं वाटून घेतो. वाटण्याचा नियम मात्र कडक आहे. दवबिंदूचं बी धुळीइतकं बारीक असतं, शेजारच्या कुंडीतून उडून येतं, आणि कुंडीत खोचलेल्या नावाच्या पट्टीवर एक नाव असताना खाली भलतंच उगवतं. म्हणून आधी फूल येऊ द्यायचं, मग नाव पारखायचं आणि नाव पक्कं झालं तरच रोप दुसऱ्याच्या हाती द्यायचं. नाव पारखतात आमच्या मास्तरीणबाई. त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवून पिढ्या घडवल्या आणि काही पळवूनही लावल्या. "चुकीचं नाव एका घरातून दहा घरांत जातं," असं त्या म्हणतात, "आणि मग ते कोणाच्या बापाला निस्तरता येत नाही."

गेल्या वर्षी मंडळाच्या डब्यात मला एक कागदाची पुडी मिळाली होती. कोणी टाकली ते कोणीच सांगेना. वर 'स्पॅट्युलाटा' लिहिलं होतं, म्हणजे या जातकुळीतलं सगळ्यात सामान्य झाड. मी सहा कुंड्यांत पीट, म्हणजे दलदलीतली माती, आणि वाळू भरून त्यावर ते बी भुरभुरवलं आणि विसरून गेलो. ती रोपं भरात आली तेव्हा सूनबाईला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं.

तिला पाचवा महिना लागत होता. याआधी दोनदा त्याच महिन्यात आमच्या घरातलं सगळं थांबलं होतं. डॉक्टरांना कारण सापडलं नव्हतं. मला नातवंड हवं होतं हे खरंच, पण त्याहून जास्त, ती पोरगी पुन्हा एकदा महिनाभर कोणाशी न बोलता बसलेली मला बघायची नव्हती.

२

एका सकाळी सहाही कुंड्यांतली काही पानं मिटलेली दिसली.

यात नवल असं काही नाही. पण मी गॅलरीला बारीक जाळी ठोकलेली आहे, चिलट सोडा, मोठी धूळसुद्धा आत येत नाही. झाडांना मी स्वतः चिमट्याने खाऊ घालतो. मी सुईने एक पान हलकेच उलगडलं. आत काही नव्हतं. पाय नाही, पंख नाही. दुसरं उलगडलं, तिसरं उलगडलं, तेच. आणि पान मात्र आतून रसाने ओलं होतं. चुकून मिटलेल्या पानाला असा रस सुटत नाही. दवबिंदूला फसवता येत नाही, वाळूचा कण दिला तर ते दिवसभरात कंटाळून उघडतं. या पानांनी काहीतरी खाल्लं होतं.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. मिटलेली पानं सगळी एकाच बाजूची होती, भिंतीच्या बाजूची. झाडं उजेडाकडे झुकतात, हे शाळकरी पोरालाही कळतं. ही सहा झाडं काचांकडे पाठ करून भिंतीकडे झुकली होती.

मी कुंड्या फिरवल्या. दोन दिवसांत झाडं पुन्हा भिंतीकडे वळली. मला भुताखेतांचं वावडं आहे, म्हणून मी आधी भिंत तपासली. आतून गरम पाण्याचा नळ गेला असेल म्हणून तळहात लावून बघितला, भिंत थंडगार. ट्यूबलाइटची जागा बदलली. ट्रेची पातळी बघितली. चिरंजीवांना सांगितलं तर ते जेवता जेवता म्हणाले, "बाबा, झाडं आहेत ती. कुठेतरी वळणारच."

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो.

पण भिंतीच्या पलीकडे काय आहे ते मला ठाऊक होतं. तिथे सूनबाईच्या पलंगाचं उशाकडचं टोक होतं.

सूनबाई मुद्रितशोधक आहे. पडल्या पडल्या छातीवर पाटी ठेवून ती छापखान्यातून आलेले कागद तपासायची. मी चहा घेऊन गेलो की म्हणायची, "बाबा, तुमच्या झाडांच्या पट्ट्या द्या माझ्याकडे. एवढी लॅटिन नावं एकदाही न चुकता लिहिणं शक्य नाही."

"कवळीत आणि पट्टीत मी चूक करत नाही," मी म्हणायचो.

ती हसायची. त्या दिवसांत तिची कांती उजळली होती, झोप लागत होती. मागच्या दोन वेळी असं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी तिच्या उशामागच्या भिंतीकडे बघत राहायचो.

३

फुलं आली तशी एक कुंडी पिशवीत घालून मी मास्तरीणबाईंकडे गेलो. त्यांच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक, दोन मांजरं आणि कुठल्या तरी परीक्षेचे जुने पेपर असतात. त्यांनी मांजरं उतरवली, फूल फोडलं, मधल्या दांड्यांना किती फाटे आहेत ते मोजलं, पानाच्या बुडाशी असलेला पापुद्रा उलटून बघितला.

"हे स्पॅट्युलाटा नाही," शेवटी त्या म्हणाल्या.

"मग काय आहे?"

"मला ओळखता येत नाही."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी गमतीने काहीतरी बोलणार होतो, पण त्यांचं लक्ष कुंडीकडे होतं. माझ्या घरी ताठ असलेलं ते झाड त्यांच्या टेबलावर सैल पडलं होतं. मिटलेली पानं उघडत होती. चक्र सगळ्या बाजूंनी सारखं पसरलं होतं, काम नसलेल्या माणसाने हातपाय ताणून द्यावेत तसं.

"घरी असं असतं का हे?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना भिंतीचं सांगितलं. सूनबाईचं सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

"नाव लागेपर्यंत कोणाला देऊ नका," त्या म्हणाल्या.

"फेकून देऊ का?"

"दातवाले, जे ओळखता येत नाही ते फेकायची घाई कशाला? बघत राहा. मीही शोधते."

परत येताना मी जिना सावकाश चढलो. आमच्या मजल्यावर येऊन किल्ली काढताना पिशवीत डोकावलो, तर झाड पुन्हा ताठ झालं होतं आणि थेंब टपोरे झाले होते. घरात शिरण्याआधीच त्याची पानं दाराकडे रोखलेली होती.

४

त्या संध्याकाळी मी सरळ हिशेब केला. हे झाड मांस खातं. याचं नाव आमच्यातल्या सगळ्यात जाणत्या बाईला माहीत नाही. ते माझ्या गरोदर सुनेच्या उशाकडे तोंड करून बसतं आणि न दिसणारं काहीतरी खातं. मग ते काय खात असेल, हा विचार मी पुरा केला नाही. संशयित कुंडी आधी वेगळी काढायची, हा आमच्या छंदातला पहिला धडा आहे. कीड असो, बुरशी असो, उडणारं बी असो, आधी कुंडी बाजूला. मी सहाच्या सहा कुंड्या ट्रेसकट गच्चीवर नेऊन पाण्याच्या टाकीमागे ठेवल्या. घरात कोणाला बोललो नाही. कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आडवा झालो होतो. चिरंजीव डेपोत होते. पावलं वाजली म्हणून पेपर बाजूला केला, तर सूनबाई माझ्या दारात उभी. तिने उठायचं नव्हतं.

"बाबा, तुमची झाडं कुठे गेली?"

"गच्चीवर. जरा ऊन दाखवावं म्हटलं. तू का उठलीस?"

ती चौकट धरून उभी होती. चेहरा पांढरा पडला होता.

"तुम्ही मला वेडी म्हणणार नाही ना?"

"म्हणालो तरी घरातल्या घरात म्हणेन. बस आधी."

ती बसली आणि खालच्या आवाजात सांगायला लागली. मागच्या दोन्ही वेळी तिच्या खोलीत दुपारचा एक आवाज यायचा. ओल्या बोटाने काच पुसावी तसा, थांबून थांबून, काहीतरी चाचपत असल्यासारखा. आधी दूर, मग रोज थोडा जवळ. ज्या दिवशी तो पलंगापाशी आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. दोन्ही वेळा.

"कोणालाच सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार होते बाबा? आधीच सगळे माझ्याकडे कसे बघत होते." तिने डोळे पुसले. "या वेळी पण तो येत होता. पण गॅलरीतच थांबायचा. भिंतीपलीकडे. मला वाटलं, तुमची झाडं आहेत ना तिथे, त्यांच्यापाशी थांबतो. मला किती बरं वाटत होतं. आणि आज तो थांबला नाही."

मला उठताना दुखऱ्या गुडघ्याची आठवण राहिली नाही. मी तिच्या खोलीत गेलो आणि उशापाशी उभा राहिलो. आधी काहीच ऐकू आलं नाही. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. मग ते थांबलं, आणि पलंगामागच्या भिंतीवरून, आमच्या बाजूने, एक लांब ओला आवाज खाली आला, थबकला आणि पुन्हा सुरू झाला.

५

गच्चीवर ऊन रणरणत होतं. दोन कुंड्यांतली झाडं पार करपली होती, त्यांची पानं काळी पडली होती. उरलेल्या चार मी ट्रेसकट उचलल्या आणि जिना उतरलो. त्या वेळी मी मनातल्या मनात कोणाची तरी माफी मागत होतो, सुनेची की झाडांची ते कळत नव्हतं.

"तू माझ्या खोलीत जाऊन पड," मी तिला म्हणालो.

"मागच्या वेळी मी दुसऱ्या खोलीत गेले होते. तिकडे आला तो." ती आपल्या पलंगावर जाऊन पडली. "मी इथेच राहते. तुम्ही पण राहा."

मी भिंत आणि पलंग यांच्यामध्ये स्टूल ठेवलं, त्यावर ट्रे ठेवला आणि खाली फरशीवर बसलो. खिडकीतून उन्हाचा पट्टा ट्रेवर पडला होता. थेंब चकाकत होते. भिंतीवरचा आवाज खालपर्यंत आला आणि मग फरशीवर आला.

पानं वळली. दवबिंदूचं पान वळताना दिसत नाही, सकाळी बघितलं की संध्याकाळी फरक कळतो. मी ते डोळ्यांदेखत वळताना बघितलं.

मग एका थेंबाची तार झाली. चिलट सुटायला धडपडतं तेव्हा थेंब असाच ओढला जातो, बारीक, चमकणारी तार होते. पण तारेच्या टोकाला चिलट असतं. या तारेच्या टोकाला काही नव्हतं. ती हवेत ताठ उभी होती आणि एका जागी संपत होती. तिच्या शेजारी दुसरी ओढली गेली, मग तिसरी. मोजली तर पाच. जन्मभर मी मेणातल्या ठशावरून जबडा ओळखत आलो, न दिसणाऱ्याचा आकार त्याच्या खुणांवरून बांधणं हेच माझं काम. त्या पाच टोकांमधली अंतरं मी बघितली. पसरलेल्या हाताची बोटं होती ती. पण फार लांब, आणि ज्याची असतील त्याचं कोपर कुठे येईल ते मला काही केल्या लावता येईना. मी वर बघितलं नाही.

कुंडी सरकली. ट्रेमधलं पाणी हिंदकळलं आणि कुंडी पलंगाच्या दिशेने ओढली जायला लागली. मी दोन्ही हातांनी तिला धरलं. ओढ जोरकस नव्हती, पण हटणारीही नव्हती. आवाज आता भराभर होत होता, फरशीवर, स्टुलाच्या पायावर, माझ्या गुडघ्याजवळ. माझ्या मागे सूनबाईचा श्वास ऐकू येत होता.

"बाबा?"

"मी धरलंय," मी म्हणालो. "तू हलू नकोस."

पानं मिटायला लागली. एक, मग त्याच्या शेजारचं, मग दुसऱ्या कुंडीतली, तिसऱ्या कुंडीतली. तारा आखडत आखडत आत गेल्या. मिटणाऱ्या पानांमध्ये क्षणभर काहीतरी दिसलं. दिसलं म्हणजे, उन्हाच्या पट्ट्यातली धूळ तेवढ्या जागेपुरती नव्हती. मग पानं घट्ट बंद झाली, ओढ एकदम संपली आणि कुंडी हातात घेऊन मी मागे पडलो.

खोलीत आवाज नव्हता. मी तसाच फरशीवर बसून होतो, आणि मला वाटतं मी रडत होतो.

"बाबा," सूनबाई म्हणाली. तिचे दोन्ही हात पोटावर होते. "पोटात हललं. आत्ता. पहिल्यांदा."

६

त्यानंतर चारही कुंड्या तिच्या खोलीतच राहिल्या. चिरंजीवांनी एकदा विचारलं, "आता झोपायच्या खोलीत पण जंगल का?" तर सूनबाईने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की त्यांनी जन्मात पुन्हा विचारलं नाही. पानं कितीतरी दिवस मिटलेली होती. उघडली तेव्हा आत टरफलसुद्धा नव्हतं. हळूहळू झाडं खिडकीकडे झुकली, साध्या झाडांसारखी.

नात झाली. तिचा आवाज असा आहे की खालच्या मजल्यावरचे लोक मला जिन्यात गाठून विचारपूस करतात आणि त्यातली अर्धी विचारपूस ही तक्रार असते. मी ती कौतुकाने ऐकून घेतो.

मास्तरीणबाई बाळाला बघायला आल्या आणि आधी कुंड्या बघितल्या. या वेळी मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. बाळाच्या तळपायावरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "घड्याळवाल्यांची लेक माहेरी आलीये. ऐकलं असेल तुम्ही."

ऐकलं होतं. तीही पडून होती. तिचीही ही तिसरी वेळ होती.

"नाव लागलं का?" मी विचारलं.

"नाही. सगळीकडे विचारून झालं. कोणालाच माहीत नाही."

"मग नियमाचं काय करायचं?"

त्यांनी पर्समधून कोरी पांढरी पट्टी आणि पेन्सिल काढली. "नियम चुकीचं नाव देऊ नका असा आहे. आपण खरं तेच लिहू." आणि त्यांनी शाळेच्या फळ्यावर लिहितात तशा गोल अक्षरात लिहिलं: नाव माहीत नाही. जागेवरून हलवू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एक कुंडी घेऊन घड्याळवाल्यांकडे गेलो. दुकानामागच्या जिन्याने वर गेलं की त्यांचं घर. त्यांची बायको चहा ठेवायला आत गेली आणि मी लेकीच्या खोलीत गेलो. ती उशांना टेकून बसली होती, डोळ्यांखाली काळं, हातात न वाचलेलं मासिक.

"काका, माशा खाणारं ना हे?" ती म्हणाली. "इथे माशा नाहीत हो."

दारातून आत आल्यापासून माझ्या हातातलं झाड ताठ झालं होतं. मी दार लोटून घेतलं आणि तिच्याजवळच्या खुर्चीवर बसलो.

"आवाज कोणत्या बाजूने येतो?" मी विचारलं.

मासिक तिच्या हातातून घसरलं. डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत. "आईला सांगू नका," ती म्हणाली, आणि कपाटामागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

मी कपाट आणि पलंगाच्या मध्ये स्टूल ठेवलं, बशीत पाणी ओतलं आणि कुंडी त्यात उभी केली. पाणी कोणतं घालायचं ते सांगितलं. मग म्हणालो, "ओढली गेली तर दोन्ही हातांनी धरायची. सोडायची नाही. पुढचं ते बघतं. आणि उद्यापासून दुपारी मी इथे येऊन बसणार आहे, तुझ्या बाबांना सांग की दातवाल्याला घरात करमत नाही."

"आणि मग काय होईल, काका?"

"मग पोर रात्रंदिवस रडेल," मी म्हणालो, "आणि शेजारी तुझ्या नावाने बोटं मोडतील."

ती रडता रडता हसली, सरकून पलंगाच्या कडेला आली आणि दोन्ही हातांत कुंडी कशी धरायची ते एकदा करून बघायला लागली.